मोरोक्कोचा हरीरा आपल्या चुलीवर

मोरोक्कोत रमजानचा रोजा सोडताना घरोघरी हरीरा असतो. टमाटर, हरभरा, मसूर, थोडं मटण आणि भरपूर हिरवा पाला यांचं हे दाट सूप. मोठा वाडगाभर प्यायलं की जेवणच होतं. लागणारं जवळजवळ सगळं आठवडी बाजारात मिळतं. खरी गोम क्रमात आहे: हरभरा आणि मसूर आधी शिजवायचे, टमाटर मागून, पीठ त्याच्याही नंतर.

सहा जणांसाठी काबुली हरभरा १५० ग्रॅम, अख्खा मसूर १०० ग्रॅम, बोकडाचं मटण २५० ग्रॅम (हरभऱ्याहून थोडे मोठे तुकडे), दोन मध्यम कांदे, लालभडक पिकलेले टमाटर पाऊण किलो आणि सांबार, म्हणजे कोथिंबिरीची, एक मोठी जुडी घ्या. मसाल्यात सुंठपूड १ चमचा, ताजी कुटलेली मिरी १ चमचा, हळद अर्धा चमचा, बोटभर दालचिनी, मीठ २ चमचे. शिवाय तूप २ मोठे चमचे, मैदा ६० ग्रॅम, मूठभर शेवया आणि दोन लिंबं.

मसाला एवढाच. सावजी मसाला, भाजलेलं खोबरं, लाल तिखट यांचा मोह आवरा. ते पडलं की चांगला रस्सा होईल, पण हरीरा होणार नाही. इथे तिखटपणा मिरी-सुंठेचा असतो आणि वर तर्री नसते.

मोरोक्कोत यात सेलरीची पानं आणि पार्सलीही पडते. शहरात सेलरी मिळाली तर दोन देठ पानांसकट चिरून घाला. नाही मिळाली तर सांबाराचे कोवळे देठ बारीक चिरा आणि चिमूटभर ओवा चोळून टाका. चव हुबेहूब येत नाही, पण सुवासाची जागा रिकामी राहत नाही. तिथलं स्मेन हे खारवून मुरवलेलं, उग्र वासाचं लोणी. त्याऐवजी घरचं कणीदार तूप चालतं.

हरभरा रात्रभर, १० ते १२ तास भिजवा. सकाळी हातावर चोळून फोतरं काढा. काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. फोतरं राहिली तर ती सूपभर तरंगतात आणि तोंडात येतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा जड पाण्याच्या बोअरवर हरभरा कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाठरच राहतो, कारण पाण्यातला चुना त्याला मऊ होऊ देत नाही. तिथे भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी वापरा. तेही नसेल तर भिजवताना पाव चमचा खाण्याचा सोडा टाका आणि ते पाणी फेकून द्या. सोडा जास्त झाला तर साबणी चव येते.

कुकरमध्ये तूप तापवून कांदा पाच मिनिटं परता. लाल करायचा नाही, नुसता मऊ. त्यात मटण, हळद, सुंठ, मिरी, दालचिनी टाकून मटणाचा रंग बदलेपर्यंत हलवा. हरभरा, अर्धा सांबार, मीठ आणि १ लिटर पाणी घालून ६ शिट्ट्या करा. टमाटर अजून नाही! आंबटात हरभरा आणि मसूर दोन्ही शिजायचे थांबतात. कुकर आपोआप थंड झाल्यावर हरभरा बोटांनी दाबून पाहा. चुरगळला तरच पुढे जा.

आता सगळं मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ओता, मसूर आणि आणखी १ लिटर गरम पाणी घालून १५ मिनिटं उकळा. तोवर टमाटर आडवे अर्धे करून किसणीवर किसा. साल हातात राहते, गर खाली पडतो. मसूर मऊ झाला की हा गर ओता आणि झाकण न ठेवता २५ मिनिटं उकळू द्या. टमाटर फिक्के असतील तर किलोभर घ्या आणि गर वेगळा आटवून मग टाका.

खरी कसोटी पिठाची. मैदा एका पेल्याभर थंड पाण्यात कालवून गाळून घ्या. पराटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ एकदम भडकतो, इथे तो चालत नाही. बाभळीच्या निखाऱ्यावर किंवा मंद गॅसवर गंज ठेवा, एका हाताने बारीक धार सोडा, दुसऱ्या हाताने सराटा (उलथणं) बुडापर्यंत फिरवत राहा. हात थांबला की गुठळ्या होतात आणि पीठ बुडाला लागतं. तो करपट वास मग जात नाही. पळीतून सलग, मखमली धार पडली की पुरे, कालवलेलं पीठ उरलं तरी आणखी घालू नका. त्यानंतर किमान १० मिनिटं शिजवा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. वर येणारा फेस काढत राहा.

शेवटी शेवया चुरून टाका. घरच्या बारीक शेवयांना तीन-चार मिनिटं पुरतात. उरलेला सांबार घालून उतरवा. दालचिनी काढून टाका. लिंबू प्रत्येकाने आपापल्या वाडग्यात पिळावं.

मटण नको असेल तर हरभरा शिजवलेलं पाणी फेकू नका, तूप एक चमचा वाढवा. सोबत खजूर आणि उकडलेलं अंडं जिरं-मीठ लावून, तिथल्या पद्धतीने. भाकरही छान लागते.

ठेवल्यावर शेवया फुगून हरीरा घट्ट होतो. उरवायचाच असेल तर शेवया टाकण्याआधी वेगळा काढा. गरम करताना वाटीभर उकळतं पाणी घालून मंद आचेवर हलवत राहा आणि मीठ पुन्हा चाखा. उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर त्याच रात्री संपवा.