‘पहिला-तिसरा वीकेंड’चा घोळ असा मिटला

मुलगी आईकडे ठाण्यात, मी नेरुळला. घटस्फोटाच्या संमतीपत्रात होतं: ‘पहिला व तिसरा वीकेंड वडिलांकडे’. १ तारीख रविवारी आली (जून २०२५, मग फेब्रुवारी २०२६) की वाद ठरलेला: पहिला वीकेंड ३१ जानेवारीचा की ७ फेब्रुवारीचा?

व्हॉट्सॲपवर भांडून झालं, मामांना मध्ये घालून झालं. पोरीने भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली, तेव्हा मात्र डोकंच फिरलं.

आधी ‘वीकेंड’ शब्द काढला. मोजायचा तो शनिवार: पहिला १ ते ७ तारखेतला, तिसरा १५ ते २१ मधला. पाचवा आला (जसा २९ ऑगस्ट २०२६) तर आईकडे. गणपती, दिवाळी, मे महिन्याचे नियम वेगळे, आणि ते शनिवारवर भारी. मग वर्षभराच्या तारखा दोघांच्या गुगल कॅलेंडरवर. परत सोडायचं रविवारी संध्याकाळी सहाला, ठाणे स्टेशनवर. दुपारची वेळ ठेवली की ट्रान्स-हार्बरचा (ठाणे-नेरुळ लोकल मार्गाचा) मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आडवा यायचा. शेवटी दोघांच्या सह्या घेऊन वकिलामार्फत कोर्टात दुरुस्तीचा अर्ज. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांच्या ताब्याबाबतचा आदेश नंतरही बदलून मागता येतो.

मार्चची १ तारीखही रविवारीच होती. कुणाचाच फोन आला नाही.