कालिम्पाँगहून आणलेलं ऑर्किड फुलत नाहीये?

दार्जिलिंग-कालिम्पाँगला फिरायला गेलेले बरेच जण तिथल्या नर्सरीतून सिलोजिनी क्रिस्टाटा नावाचं ऑर्किड घेऊन येतात, पांढरीशुभ्र झुबकेदार फुलं आणि मधे पिवळा रंग, मोह होणारच. मग घरी दोन-तीन वर्षं नुसती पानंच पानं. लोकांना वाटतं खत कमी पडलं, पण घोळ बहुतेक वेळा हिवाळ्यातल्या पाण्याचा असतो.

हे झाड हिमालयातलं, तिकडे पावसाळ्यात धो धो पाणी आणि थंडीत कोरडं, गार. म्हणून जून ते सप्टेंबर भरपूर पाणी आणि हलकं खत द्या, दिवाळीनंतर खत बंद आणि पाणी अगदी कमी, दहा-बारा दिवसांनी जरासं शिंपडलं तरी चालतं. बल्ब (पानांच्या बुडाशी असलेले फुगीर भाग) थोडे सुरकुततात, घाबरून लगेच पाणी ओतू नका, ते नॉर्मल आहे. रात्री कुंडी बाहेर गॅलरीतच राहू द्या, १० ते १२ डिग्रीपर्यंत पारा उतरला तर उत्तमच, त्या गारव्यानेच कळ्या धरतात. पुणे-नाशिकला डिसेंबर-जानेवारीत जमून जातं, मुंबईत मात्र खरं सांगायचं तर पैसे वाया. एप्रिल-मेमधे दुपारच्या उन्हापासून लांब, सावलीत ठेवा आणि आजूबाजूला ओलावा राहील असं बघा.

अजून एक, उगाच दरवर्षी कुंडी बदलू नका. मुळांना हात लावलेला याला अजिबात आवडत नाही, रुसून बसतं आणि वर्षभर फुलत नाही!