सोमवारी प्रिंट निघाली पाहिजे: एक लॉगिन आणि सामायिक प्रिंटर लावण्याआधीची तयारी

तीस-चाळीस माणसांचं ऑफिस, दोन-तीन प्रिंटर, दर मशीनला वेगळा पासवर्ड आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. दादर, परळ, गिरगाव, कुठेही जा, चित्र हेच. हे सगळं एका जागी आणायला सॉफ्टवेअरचा खर्च शून्य आहे: छपाईला कप्स, लॉगिनला साम्बा किंवा फ्रीआयपीए, तिन्ही फुकट मिणारी सर्व्हरची सॉफ्टवेअरं. लागते ती आदल्या पंधरवड्याची तयारी, आणि त्यातली निम्मी वही-पेन घेऊन करायची आहे.

पहिली यादी माणसांची. ती कॉम्प्युटरवरून उतरवू नका, पगाराच्या मस्टरवरून घ्या. मशीनवर कधीच सोडून गेलेल्यांची खाती अजून शाबूत असतात आणि नवी आलेली मुलगी शेजारच्या टेबलाच्या नावाने लॉगिन करत असते. लॉगिनचं नाव रोमन लिपीत, सगळी अक्षरं छोटी, मध्ये जागा नाही. मुंबईच्या ऑफिसात दोन पाटील असणार आणि दोघेही सचिन असणार, हे धरूनच चाला. मधल्या नावाचं आद्याक्षर सुरुवातीपासून सगळ्यांनाच लावा, म्हणजे ‘मीच का दोन नंबर?’ हा वाद होत नाही. आडनाव बदललं तर पडद्यावर दिसणारं नाव बदलायचं, लॉगिन तेच ठेवायचं. गेलेल्या माणसाचं लॉगिन नव्याला कधीच द्यायचं नाही, नाहीतर जुन्याच्या फायलींवरचे हक्क कुठे ना कुठे त्याच्याकडे जातात. गट माणसांवरून करू नका, कामावरून करा: लेखा, प्रवेश, आस्थापना. हंगामी माणसांच्या खात्याला संपायची तारीख आजच घाला. आणि शिपाईमामांना विसरू नका. बऱ्याच ठिकाणी सर्वांत जास्त प्रिंट तेच काढतात.

मग साम्बा की फ्रीआयपीए? मशीन मोजा, उत्तर मिळेल. विंडोज जास्त असेल तर साम्बा; २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या ४.० पासून तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (मायक्रोसॉफ्टची खाती-लॉगिनची व्यवस्था) डोमेन कंट्रोलर म्हणून चालतो, म्हणजे सगळ्या मशीनची लॉगिन तपासणारा सर्व्हर. त्याच्या हाताखालच्या मशीनचा गट म्हणजे डोमेन. बहुतेक लिनक्स असेल तर फ्रीआयपीए. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर (खात्यांची यादी), एमआयटी कर्बेरॉस (ओळख पटवणारी यंत्रणा) आणि सर्टिफिकेटची व्यवस्था तो एकत्र बांधूनच देतो. नुसतं ओपनएलडॅप (खात्यांच्या यादीचा सुटा सर्व्हर) हाताने उभं करण्याची हौस असेल तर ती घरच्या लॅपटॉपवर भागवा. विंडोजची आवृत्ती मात्र प्रत्येक मशीनवर जाऊन बघा. होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, आणि स्वस्तात घेतलेल्या लॅपटॉपवर हमखास तीच असते.

डोमेनचं नाव ठरवताना घाई नको, ते नंतर बदलणं म्हणजे जवळजवळ सगळं पुन्हा लावणं. शेवटी ‘डॉट लोकल’ लावू नका. जवळची मशीनं आपोआप शोधणारं एमडीएनएस तेच नाव वापरतं आणि प्रिंटर शोधायलाही तीच यंत्रणा असते, मग दोघांची टक्कर होते. संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याचं उपडोमेन घ्या.

आता ज्या जागी सर्वांत जास्त लोक अडकतात ती जागा: डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा. प्रत्येक मशीनने नाव विचारायचं ते डोमेन कंट्रोलरला. पण ब्रॉडबँडचा डबा, म्हणजे राउटर, डीएचसीपीतून (मशीनला आपोआप पत्ते देणारी सोय) डीएनएस म्हणून स्वतःचाच पत्ता वाटत बसतो, किंवा कुणीतरी कधीतरी हाताने गूगलचं ८.८.८.८ घातलेलं असतं. इंटरनेट झकास चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. डोमेनचं लॉगिन तेवढं होत नाही. तेव्हा राउटरचा ॲडमिन पासवर्ड आधी हातात घ्या. तो बहुधा केबलवाल्या मुलाकडे असतो आणि रविवारी तो फोन उचलत नाही. शुक्रवारीच घ्या.

दुसरी अशीच जागा घड्याळाची. कर्बेरॉसला मशीन आणि सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डवरची बॅटरी मेलेली असेल तर रात्री मेन स्विच बंद झाला की सकाळी मशीन कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाल तेव्हा सीआर२०३२ च्या मूठभर बॅटऱ्या घेऊन या आणि तारीख चुकणारं प्रत्येक मशीन उघडा. सर्व्हरवर क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्राम) बसवून त्याला एनपीएल किंवा एनआयसी या सरकारी संस्थांच्या घड्याळाशी बांधा; सर्ट-इन या सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही तेच सांगितलंय, आणि लॉग १८० दिवस ठेवायलाही. डिस्क घेताना तेवढी जागा धरा.

प्रिंटरकडे आता या. प्रत्येकाचा मॉडेल नंबर मागच्या पट्टीवरून लिहून घ्या. समोरच्या नावावर विसंबू नका. गेल्या काही वर्षांतला, नेटवर्कवर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर या छपाईच्या सामायिक भाषा बोलणारा प्रिंटर असेल तर कप्सला ड्रायव्हर लागत नाही. कटकट आहे ती आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या दोन जुन्या मशीनची. कॅननचा एलबीपी२९०० फक्त यूएसबीवर चालतो आणि कॅप्ट ही स्वतःचीच भाषा बोलतो. एचपीच्या लेझरजेट १०२० ला चालू केल्यावर दर वेळी कॉम्प्युटरकडून फर्मवेअर घ्यावं लागतं. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये त्यासाठी वेगळा प्लगइन आहे, तो आधीच उतरवून ठेवा. एलबीपी२९०० मात्र रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरवर चढवायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. तो एका मशीनला बांधून ठेवा किंवा सरळ बदला.

नेटवर्क प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पान छापा, त्यावरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक) घेऊन डीएचसीपीत आयपी राखून ठेवा. रांगेचं, म्हणजे कप्समधल्या प्रिंटरचं, नाव जागेवरून द्या, कंपनीवरून नको. प्रिंटर बदलला तरी दुसरा मजला तिथेच राहतो. नावात शब्दांमध्ये मोकळी जागा चालत नाही. कप्स डोमेन कंट्रोलरवर न ठेवता वेगळ्या मशीनवर ठेवा, व्हर्च्युअल असलं तरी चालेल. विंडोजला आयपीपीने (नेटवर्कवरून छापायची पद्धत) थेट ६३१ पोर्टवर जोडा. साम्बातून ड्रायव्हर वाटायची जुनी पद्धत आहे, पण २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईत सापडलेल्या प्रिंटनाइटमेअर या सुरक्षादोषानंतर विंडोज त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड मागतो. ॲपलच्या मॅकवाल्यांचा त्रास नाही, २००२ पासून मॅकची छपाई कप्सवरच चालते. ६३१ बाहेरच्या जगाला उघडं दिसू नये हे तपासा. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्ड या प्रिंटर शोधणाऱ्या जोडप्रोग्राममधल्या दोषांनी तेच शिकवलं. कुणी किती पानं काढली याचा हिशेब हवा असेल तर पानांचा लॉग मुद्दाम चालू करावा लागतो, आपसूक तो बंद असतो.

चाचणीचं पान इंग्रजी नको. ‘वाऱ्यावरच्या पुऱ्या, कृष्णा, ज्ञानेश्वर, क्षत्रिय, राष्ट्र’ अशी ओळ प्रत्येक प्रिंटरवर, प्रत्येक प्रकारच्या मशीनवरून काढा. ऱ्या तुटला की फाँटचा घोळ लगेच दिसतो. श्रीलिपीतली (युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट) जुनी परिपत्रकं असतील तर ती जुन्या मशीनवरच पीडीएफ करून घ्या. नव्या मशीनवर फाँट नसेल तर नुसती चिन्हं दिसतील.

यूपीएसवर सर्व्हर, स्विच आणि राउटर. लेझर प्रिंटर कधीच नाही. त्याचा फ्यूजर (कागदावर शाई पक्की करणारा गरम भाग) तापताना इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस मान टाकतो. जून ते सप्टेंबर कागदाचं रीम फोडलं की उरलेला कागद प्लास्टिकमध्ये, नाहीतर ओलसर कागद अडकेल आणि दोष नव्या सर्व्हरला जाईल.

बदलाचा रविवार ठरवताना मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघा. त्याआधी सगळ्यांना एक गोष्ट दोनदा सांगा: मशीन डोमेनला जोडल्यावर विंडोज नवं प्रोफाइल उघडतो, म्हणजे डेस्कटॉप रिकामा दिसेल. फायली गेलेल्या नसतात, जुन्या प्रोफाइलमध्ये असतात, पण ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत सोमवारी सकाळी दहा वाजता कुणी नसतं. डेस्कटॉप आणि बुकमार्क शनिवारीच बाजूला काढून ठेवा.

लिनक्स मशीनवर एसएसएसडीत (लॉगिन सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम) पासवर्ड साठवण्याची सोय चालू करा, सर्व्हर पडला तरी आधी लॉगिन केलेल्यांचं काम अडणार नाही. साम्बाचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या आज्ञेने घ्या, व्हर्च्युअल मशीनचा जुना स्नॅपशॉट (एका क्षणी घेतलेली आख्खी प्रत) परत चढवण्यावर भिस्त नको. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात सचिवांच्या कपाटात. प्रत्येक मशीनवरचं एक लोकल ॲडमिन खातं तसंच राहू द्या, आणि प्रिंटरची जुनी यूएसबी केबल निदान महिनाभर त्याच टेबलाच्या खणात असू द्या.