मे महिन्यात ग्रुप शो लावताय? मग हे आधी वाचा

मुंबईत पाच-सहा कलाकारांनी मिळून आपल्या कामांचा शो करायचा म्हणजे पहिलं दुखणं हॉल. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासूनची, सगळ्यांना तीच हवी असते आणि तिथलं वेटिंग वर्षांत मोजतात, तेव्हा अडून बसू नका, दुसरा छोटा हॉल बघा, भाडं वाटून घ्या आणि पैसे हातात पडल्याशिवाय कुणाचं नाव कार्डावर छापू नका.

आमच्यात पेंटिंगवाले तिघं, एक प्रिंटवाली (ठशावरून हाताने छापलेली चित्रं), एक सिरॅमिकवाली आणि एक व्हिडिओवाला. सगळ्यात आधी व्हिडिओची जागा ठरवा, कारण त्याला अंधार लागतो आणि बाकीच्यांना उजेड, शेवटी ठरवायला गेलात तर कोपराच उरत नाही. आवाज हेडफोनवर! तेच लूप दिवसभर ऐकून बाकीचे त्याचा जीव घेतील.

आता टेंपो. अ‍ॅक्रिलिक वाळलं तरी तापलं की मऊ पडतं हे मला माहीतच नव्हतं, मी बबल रॅप थेट कॅनव्हासवर गुंडाळला आणि भर दुपारी माल नेला, उघडून बघते तर अख्ख्या आकाशावर गोल गोल वळ, देवी आल्यासारखे. तर आधी ग्लासीन पेपर (गुळगुळीत, न चिकटणारा पातळ कागद), मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला, आणि टेंपो सकाळी सातलाच बोलवा. ऑइल हाताला कोरडं लागलं तरी आतून ओलं असू शकतं, गेल्या महिन्यात केलेलं जाड काम आणूच नका.

कागदाचं काम दमट हवेत फुगून लाटा मारतं. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला म्हणजे कागद काचेला चिकटत नाही, आणि रात्री हॉलचा एसी बंद करतात का ते आधीच विचारून ठेवा.

खिळे ठोकायच्या आधी सगळी कामं भिंतीला टेकवून जमिनीवर मांडा, तासभर अदलाबदल करा, भांडणं काय ती तेव्हाच होऊ देत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर. सिरॅमिक ठेवायचं पेडेस्टल, म्हणजे पोकळ उंच खोका, दारापासून लांब, आत वाळूची पिशवी, कारण लोक पाठीवरच्या सॅकसकट गर्रकन वळतात.

लेबलवर नाव, माध्यम, साइज, वर्ष. प्रिंटवर 3/10 असेल तर ती दहा प्रतींतली तिसरी, हे विचारणाऱ्याला न कंटाळता सांगा. विकलं की लाल टिकली. एकाच प्रिंटखाली चार-चार टिकल्या लागू शकतात, पेंटिंगवाले तोंड वाकडं करतील, करू देत.