हेडमध्ये तुटलेला स्टड काढताना

इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) एम८ स्टड, म्हणजे ८ मिमीचा आटेवाला दांडा, तुटला की आधी बघा, टोक वर किती उरलंय. ४-५ मिमी असेल तर ड्रिलला हात लावू नका. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी पूर्ण पुसा (नाहीतर पेट घेईल), टोकावर नट ठेवून आतून वेल्ड करा. नट निवला की पान्याने थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. जोर लावून एकाच दिशेने ओढलंत तर वेल्डच तुटेल.

स्टड आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच (खूण पाडायची टोकदार सळी) मारा. खरा खेळ इथेच आहे: खूण जरा बाजूला पडली की ड्रिल मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे पळतं आणि आटे जातात. मग ३ मिमी, नंतर ५ मिमीचं डावं ड्रिल, उलट फिरवत, कमी वेगात. कधीकधी तेवढ्यानेच स्टड फिरत वर येतो.

इझी-आउट (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) अगदी शेवटी. ते कडक पण ठिसूळ पोलादाचं. आत मोडलं तर साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा.