ल्यूट गिटारसारखी वागवू नका: नव्या वादकांच्या नेहमीच्या चुका

ल्यूट, म्हणजे नासपतीच्या आकाराचं जुनं युरोपीय तंतुवाद्य, हातात येते ती बहुतेकदा गिटार वाजवणाऱ्याच्या. आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. पहिल्या आठवड्यात पहिली तार तुटते, दुसऱ्यात खुंटी फिरायची थांबते, महिन्याभरात कुठूनतरी चर्र आवाज येऊ लागतो, आणि मग वाद्यच खराब निघालं असं ठरतं. क्वचित ते खरंही असतं. पण दहातल्या आठ तक्रारी चुकीच्या तारा, चुकीचा स्वर नाहीतर सैल पडदा (फ्रेट) इथवरच येऊन थांबतात.

इथे बोलतोय ते सोळाव्या शतकातल्या ल्यूटबद्दल: तारांच्या सहा ते आठ जोड्या, सगळ्यात वरची, म्हणजे उंच स्वराची, तार बहुधा एकटी, खुंट्यांची पेटी जवळजवळ काटकोनात मागे वळलेली. सहा जोड्यांच्या ल्यूटवर अकरा तारा असतात. जाडीकडून बारकीकडे जी, सी, एफ, ए, डी, जी असं लावतात. गिटारवाल्यांसाठी सोपी खूण: तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावा आणि तिसरी तार अर्धा स्वर उतरवा, हीच रचना मिळते.

गिटारच्या तारा चढवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्लासिकल गिटारची एक तार साधारण सात किलोचा ताण देते. ल्यूटच्या एका तारेवर तीन ते साडेतीन किलो पुरेसे असतात. ल्यूटची तबली (पोटावरची लाकडी फळी) फक्त दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची, आणि घोडी (ब्रिज) तिच्यावर नुसती सरसाने चिकटवलेली. खाली आधार नाही, स्क्रू नाही.

आकडाच बघा. मेरूपासून (खुंट्यांच्या पेटीजवळची खाचांची पट्टी, नट) घोडीपर्यंत ६० सेंटिमीटर लांबी असलेल्या ल्यूटवर वरचा जी, म्हणजे ३९२ हर्ट्झ, लावायला ०.४२ मिलिमीटरची नायलॉन तार घेतली तर ताण येतो सुमारे ३.३ किलो. तिथेच गिटारची ०.७१ ची पहिली तार लावली तर ताण साडेनऊ किलोच्या घरात जातो. ताण जाडीच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ‘जरा जाड आहे इतकंच’ हा हिशोब चालत नाही. तार तुटली तर नशीब म्हणायचं. नाही तुटली तर घोडी तबलीचा चिरा घेऊन उखडते.

तारा घेताना आधी आपल्या वाद्याची लांबी मोजा आणि तार जाडीच्या आकड्यानेच मागवा. ‘ल्यूटचा सेट द्या’ म्हणून भागत नाही. तातडीची नड असेल तर मासेमारीची फ्लुरोकार्बन तंगूस खरोखर चालते, जाणते वादकही ती वापरतात. मात्र ती नायलॉनपेक्षा जड, म्हणून तोच ताण हवा असेल तर ०.४२ ऐवजी ०.३३ च्या आसपास घ्या.

वरची तार पुन्हा पुन्हा तुटते

इथे लोक जास्त जाड तार लावून बघतात, मग जास्त बारीक. दोन्ही तुटतात, आणि तसंच व्हायला हवं. जाडी दुप्पट केली तर मजबुती वाढते, पण तोच स्वर गाठायला ताणही तितकाच जास्त लागतो. तार तुटेल की नाही हे जाडी ठरवत नाही. ते ठरवतात लांबी आणि स्वर.

आतड्याच्या तारेसाठी, म्हणजे तातीसाठी, एक ढोबळ हिशोब पाठ ठेवा: मीटरमधली लांबी गुणिले हर्ट्झ. हा गुणाकार २४० च्या वर गेला की तात किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. नायलॉन थोडं जास्त सोसतं, फार नाही. ६० सेंटिमीटरला ३९२ हर्ट्झ म्हणजे २३५, ठीक. पण ल्यूट ६६ सेंटिमीटरची असेल तर तोच जी २५९ वर जातो. ती तार तुटणारच. ६३ ची ल्यूट असेल तर सगळं वाद्य अर्धा स्वर खाली, म्हणजे ए बरोबर ४१५ हर्ट्झ (४४० ऐवजी) धरून लावा. ६६ ची असेल तर पूर्ण स्वर खाली, वरची तार एफवर.

हिशोब बरोबर असूनही तार तुटत असेल तर तुटलेलं टोक बघा. मेरूपाशी तुटली असेल तर खाच धारदार किंवा अरुंद आहे. बारीक पॉलिश पेपर दोरीसारखा वळून खाच गुळगुळीत करा आणि मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. स्वर लावताना ‘टक्’ असा आवाज करून तार उडी मारते, ती याच खाचेत अडकलेली असते. घोडीपाशी तुटत असेल तर गाठ तपासा. बारीक तारेला एक वेढा पुरत नाही, दोन-तीन वेढे देऊन टोक घोडीच्या मागच्या कडेवर दाबलं जायला हवं.

पडदे

सतारीचा पडदा धातूचा, तो दोऱ्याने दांडीला बांधलेला. ल्यूटमध्ये दोरा हाच पडदा. दांडीवर आठ पडदे तातीचे, पुढचे तबलीवर चिकटवलेले लाकडी.

नेहमीची चूक म्हणजे आठही पडदे एकाच जाडीच्या तातीचे बांधणे. मग पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं की तार दुसऱ्याला घासते. जाडी उतरती हवी: पहिला १.०० मिलिमीटर, मग प्रत्येकी ०.०५ कमी करत आठवा ०.६५. हे प्रमाण बहुतेक वाद्यांना चालतं.

बांधतानाची दुसरी चूक: पडदा जिथे हवा तिथेच बांधणे. दांडी मेरूकडे अरुंद आणि पोटाकडे रुंद असते. म्हणून पडदा त्याच्या जागेपेक्षा एक घर मेरूकडे बांधायचा आणि मग पोटाकडे सरकवत आणायचा, म्हणजे तो आपोआप आवळतो. दांडीच्या घेरापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर जास्त तात घ्या. एक टोक सरळ ठेवा, दुसऱ्याने त्याभोवती दोन वेढ्यांची गाठ मारून पकडीने घट्ट ओढा. गाठ जाड तारांच्या बाजूच्या कडेवर यावी. टोकं तीनेक मिलिमीटर ठेवून कापा आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने जाळा. तात जळून तिचा छोटा गोळा होतो, तोच गाठ सुटू देत नाही. नायलॉन स्वस्त पडतं, पण घसरतं. पैसे वाचवायचेच असतील तर इथे नको.

जागा मोजपट्टीने ठरवा. ६० सेंटिमीटरच्या ल्यूटला मेरूपासून पहिला पडदा ३.३७, दुसरा ६.५५, तिसरा ९.५५, चौथा १२.३८, पाचवा १५.०५, सहावा १७.५७, सातवा १९.९५ आणि आठवा २२.२० सेंटिमीटरवर. लांबी वेगळी असेल तर त्याच प्रमाणात. व्हिन्चेन्झो गॅलिलेई, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, त्यांनी दर वेळी उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घ्यायचा नियम सांगितला होता. त्याने पहिला पडदा ३.३३ वर येतो, फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी. जुन्या असमान स्वरांतरांसाठी पडदे इकडेतिकडे सरकवण्याची हौस नंतर भागवा. आधी हे आकडे पक्के करा, कानाची तक्रार काय आहे ते मग कळेल.

चर्र आवाज कुठून येतो

मोकळी तार चरचरते का ते आधी बघा. चरचरत असेल तर मेरूची खाच खोल गेली आहे किंवा पहिला पडदा जास्त जाड आहे. एकाच घरात चरचरते तर त्याच्या पुढचा पडदा उंच किंवा सैल आहे, किंवा बोटाखालच्या पडद्याला तारेने घळ पाडली आहे. सगळीकडे थोडंथोडं, तेही ठरावीक स्वराला, येत असेल तर पडदे सोडा आणि घोडीमागची तारांची टोकं बघा. लांब राहिलेलं एक टोक तबलीला टेकलं तरी सगळं वाद्य बिघडल्यासारखं वाटतं. टोकं कापूनही आवाज राहिला तर तबलीवर बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारत जा. एखाद्या जागी पोकळ खडखड आली तर आतली आडवी पट्टी सुटली आहे. हे काम कारागिराचं, घरी करू नका.

सतारवाल्यांना सांगायला हवं: ल्यूटच्या घोडीला जवारी नसते, तार थेट घोडीला बांधलेली असते, घासायला तिथे काही नाही. मिरजेच्या सतारमेकरकडे खुंट्या बसवून घ्यायला हरकत नाही, निमुळत्या खुंटीचं काम त्याला तोंडपाठ असतं. तबलीला मात्र हात लावू देऊ नका.

जोडी लागतच नाही

जोडीतली एक तार बोटाने दाबून दुसरी लावा, मग दोन्ही एकत्र. मोकळ्या जुळतात पण पाचव्या पडद्यावर भांडतात, तर दोष तुमच्या कानाचा नाही. त्यातली एक तार असमान जाडीची आहे. जुने वादक तार चढवण्याआधी दोन हातांत ताणून अंगठ्याने छेडत आणि बघत. थरथरताना दोन स्वच्छ रेषा दिसल्या तर तार खरी, मध्ये धूसर तिसरी दिसली तर फेकून द्या. नायलॉनमध्येही हे होतं, फक्त कमी.

खुंटी घसरते तेव्हा लोक ती ठोकून बसवतात. पेटीला तडा जातो तो असा. खुंटी बाहेर काढून कोरडा साबण आणि खडू दोन्ही थोडे लावा: साबण फिरवतो, खडू धरतो. स्वर लावताना फिरवता फिरवताच आत दाबा. तारेचे वेढे पेटीच्या भिंतीला घासत असतील तर कितीही खडू लावा, उपयोग नाही.

बोटं आणि नखं

गिटारच्या नखांनी छेडलं तर जोडीतली एकच तार वाजते. बोटाच्या मांसल भागाने दोन्ही तारा एकदम दाबून सोडायच्या. नखांचे पुरस्कर्तेही होते, इटालियन ल्यूटवादक पिच्चिनिनी त्यांपैकी, पण ते १६२३ सालचं. करंगळी घोडीजवळ तबलीवर टेकवा. सोळाव्या शतकातल्या बहुतेक संगीतासाठी अंगठा बोटांच्या आत, तळहाताकडे येतो. गिटारवाल्याचा हात याला पहिले दोन महिने साफ नकार देतो.

टॅब्लेचर उलटं वाचणे

टॅब्लेचर म्हणजे स्वरांऐवजी तार आणि पडदा दाखवणारं लेखन. १५०७ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ल्यूटवादक स्पिनाचिनोच्या पुस्तकांपासून इटालियन पद्धत आकड्यांची आहे, आणि त्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात जाड जोडी. फ्रेंच पद्धतीत अक्षरं असतात, ए म्हणजे मोकळी तार, आणि वरची रेघ बारीक तारेची. रचना विचित्र वाटली तर आधी हे तपासा. अक्षराखालचा टिंब म्हणजे तर्जनी. रेघांवरची लयीची खूण पुढची खूण येईपर्यंत लागू राहते, प्रत्येक स्वरावर ती शोधू नका.

पावसाळा

४५ ते ५५ टक्के आर्द्रता ल्यूटला मानवते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये खुंट्या फुगून अडकतात आणि सरस मऊ पडतो, म्हणून वाद्य ठेवायच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. पुड्या आठवड्याने तपासा, भरल्या की बदला किंवा वाळवा. उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवणं त्याहून वाईट, तिथे घोडी अर्ध्या तासातही सुटू शकते. १६७६ साली इंग्लिश ल्यूटवादक थॉमस मेसने सांगितलं होतं की ल्यूट दिवसा रोजच्या वापरातल्या अंथरुणात, पांघरुणाच्या थरांमध्ये ठेवावी, म्हणजे ती कोरडी राहते. पण त्या वेळी पलंगावर कुणी अंग टाकणार नाही याची काळजी घ्या, असंही तो बजावतो.