रेटिंग अडकलंय? मग निदान या चुका तरी टाळा

बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेर दर रविवारी रेटिंगबद्दल, म्हणजे खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्याबद्दल, तोच प्रश्न कानावर येतो. "सर, सहा महिने झाले, १४५० च्या पुढे सरकतच नाही. आता कुठलं ओपनिंग घेऊ?"

ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. कुठलंच घेऊ नका. आधी हरलेले डाव दाखवा. असं म्हटलं की वही काही निघत नाही, मोबाईल निघतो.

गाडी अडली की ओपनिंग बदलायचं, ही सगळ्यांची लाडकी चूक. माझीही होती, म्हणून एवढ्या हक्काने ओरडतोय. एकदा पंधरा महिने एकाच जागी अडकलो होतो. तेवढ्या काळात लंडन नावाचं ओपनिंग सोडून किंग्ज इंडियन झालं, ते सोडून कॅरो-कान. नवीन ओपनिंगचं एक सुख असतं, हरलं तरी "अजून हात बसला नाही" म्हणता येतं. मग एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत सगळी मारामारी होऊन माझ्याकडे एक प्यादं जास्त उरलं. माझा राजा डी३ या घरावर, प्यादं ई२ वर, समोरचा काळा राजा ई६ वर आणि चाल माझी. मी ऐटीत प्यादं दोन घरं पुढे सारलं. काळा राजा ई५ वर येऊन उभा राहिला, आणि तिथून पुढे मी जिकडे जाईन तिकडे तो समोर. शेवटी माझा राजा ई६, प्यादं ई७, त्याचा राजा ई८. शह नाही आणि त्याला चालही नाही. बरोबरी!

समोर निवृत्त काका होते. थर्मासचं झाकण लावत म्हणाले, "राजा आधी हो, प्यादं मागून." राजा ई४ वर घेतला असता तर डाव माझाच होता. अर्ध्या तासात शिकून होणारी गोष्ट मी पंधरा महिने शिकलो नव्हतो, कारण तिचे व्हिडिओ कोणी थरारक नावं देऊन टाकत नाही.

तेव्हापासून दोनशे पानी वही ठेवली आहे. हरलेला डाव त्याच दिवशी हाताने उतरवायचा आणि इंजिन, म्हणजे चुका दाखवणारं सॉफ्टवेअर, लावायच्या आधी खाली एक ओळ लिहायची, कुठे चुकलो असं मला वाटतं. वीस डाव झाले की त्या ओळी सलग वाचायच्या. माझ्या वहीत तेरा वेळा "वेळ कमी उरला" निघालं. त्यावर कॅरो-कान काय करणार?

दुसरी चूक रात्रीची. "एक शेवटचा डाव, गेलेले पॉइंट परत मिळवतो आणि झोपतो." एका रात्री अकराला बसलो तेव्हा ब्लिट्झचं, म्हणजे झटपट डावांचं, रेटिंग १६१२ होतं, अडीचला उठलो तेव्हा १४६८. सकाळी ते डाव पाहिले. शेवटच्या सातांपैकी चार डावांत मी वजीर फुकट दिला होता. तो माझा खेळ नव्हता, माझा राग खेळत होता. आता सलग दोन हरलो की फोन स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो. याला शास्त्रबिस्त्र नाही, पण उठून जायचा कंटाळा येतो, तेवढं पुरतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

लिचेस या ऑनलाइन साइटचा आकडा आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचा आकडा शेजारी ठेवून रडू नका, दोन्हींचं गणित वेगळं आहे. आकड्यावरच फार जीव असेल तर हे आठवा. मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालचे रेटिंग वर सरकवले. १४०० वाला एका रात्रीत १६४० झाला, पण घोडा तसाच फुकट देत राहिला.

चार फेऱ्यांत ३० पॉइंट गेले म्हणून खेळ बिघडत नाही. नियमित खेळणाऱ्या प्रौढाचे बरोबरीच्या खेळाडूकडून हरल्यावर १० जातात, मुलांचे २०. तीन हार म्हणजे एक वाईट शनिवार.

कोडी सोडवताना पहिली चाल टाकून "बघू काय होतं" करायचं नाही. पूर्ण उत्तर दिसेपर्यंत हात मांडीखाली ठेवा.

दहा दिवसांत दोनशे वाढवून देणारे कोर्स विकत घेणाऱ्यांना मी आता काही सांगत नाही.

आणि पालक. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, त्यानंतरच्याच आठवड्यात एक वडील मुलाला घेऊन आले. "ही एकोणीसची आहे. आमचा आठ महिने खेळतोय, पण गेले तीन महिने ढिम्म. याला किती लागतील?" मी मुलाला विचारलं, शेवटचा हरलेला डाव आठवतो का? त्याने पट ओढला आणि न थांबता सतरा चाली मांडल्या. अठराव्या चालीला हत्तीवर बोट ठेवून म्हणाला, "इथे मी घाई केली." वडील तोवर बाहेर फोनवर बोलत होते.